अंगठा नको, रिक्षात एक जागा आहे

परचुरे काका,

तुम्ही गेल्याची बातमी मी आधी फळ्यावर लिहिली आणि मग ग्रुपवर टाकली. हा क्रम काकूंनी सांगितला. त्या सकाळी मी वर आलो तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या, तुमचा चष्मा त्यांच्या मांडीवर होता. माझ्या हातातला मोबाइल बघून म्हणाल्या, "आधी खाली फळ्यावर लिहा. नाहीतर कोणाला खरं वाटायचं नाही. लोकांचं एकदा मारून झालंय यांना."

मी खाली गेलो. फाटकाशी, मीटरच्या खोलीच्या भिंतीवर तो काळा फळा. त्यावर आदल्या दिवशीचं तुमचं अक्षर होतं: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने. शेजारी कंसात, तुमच्या नियमाप्रमाणे, हे कुठून कळलं तेही होतं: पेपर, पान सात. ती ओळ पुसावी की ठेवावी, या विचारात थोडा वेळ गेला. पाणी तर बंद राहणारच होतं. म्हणून ती ठेवली आणि तिच्याखाली तुमची बातमी लिहिली. कंसात काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'स्वतः पाहिले' असं लिहिलं. तुम्ही असतात तर एवढं चालवून घेतलं असतंत.

काकू म्हणाल्या ते खरंच होतं. चार-पाच वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतले दुसरे एक परचुरे वारले आणि आपल्या ग्रुपवर कोणीतरी गणपतीतला तुमचा फोटो हार घालून टाकला. दूध आणायला तुम्ही खाली उतरलात तोपर्यंत अर्ध्या सोसायटीची श्रद्धांजली वाहून झाली होती. वॉचमन तुम्हाला बघून खुर्चीवरून उठला तो बराच वेळ बसलाच नाही. तुम्ही कोणाला फोन केला नाहीत, रागावला नाहीत. खडू घेतलात आणि लिहिलंत: 'प्रस्तुत परचुरे हयात असून दुसऱ्या मजल्यावरच राहतात. ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांनी ती जपून ठेवावी, लागेल.'

या वेळी तुम्हाला खाली आणलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या लिमये वहिनी हार घेऊन पुढे आल्या. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, जपून ठेवली होती हो."

आता तुमच्या-माझ्या भांडणाकडे येतो. भांडण म्हणजे वाद. आवाज आपल्यापैकी कोणीच कधी चढवला नाही. पण तो दहा-बारा वर्षं चालला आणि संपला नाही.

मी अकोल्याहून कोथरूडला आलो तेव्हा आपली इमारत नवी होती, चुन्याचा वास गेला नव्हता. कारखान्यात कॉस्टिंगची नोकरी, शहरात ओळख कोणाची नाही. जिन्यातल्या चार घरांत चार वेगवेगळे पेपर यायचे आणि नऊ वाजले की फिरायचे. माझा तुमच्याकडे, तुमचा समोर, असं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला दारात गाठलंत.

"काय हिशेबनीस, काय वाचलंत आज?"

"दिल्लीतलं सरकार पडेल म्हणतात."

"पडू द्या की. ते पडलं की उद्या आपोआप कळेल तुम्हाला. पान सात वाचलंत?"

"नाही."

"आपल्या गल्लीचा रस्ता सोमवारपासून खणतायत. तुमची स्कूटर आत असते का बाहेर?"

आत असायची. त्या रविवारी मी ती बाहेर काढून ठेवली. सोमवारी सकाळी सोसायटीतल्या बाकी सगळ्या गाड्या आत अडकल्या होत्या आणि मी वेळेवर कामाला गेलो. तेव्हापासून मीही पेपर मागून वाचायला लागलो. तुम्ही म्हणायचात, पहिल्या पानावर दुसऱ्यांचं काय झालं ते असतं, मागच्या पानांवर बारीक टायपात आपलं काय होणार ते असतं.

तुमच्यामुळे मला हे शहर कळलं. घरपट्टीची सवलत केव्हापर्यंत, मतदारयादीत नाव आहे का ते कुठे बघायचं, खडकवासल्यात किती पाणी आहे आणि त्यावरून आपल्या नळाला कधीपर्यंत येईल. अकोल्याहून आलेल्या माणसाला पुण्यात राहता येतं, तसं पुण्याचा नागरिकही होता येतं हे तुम्ही शिकवलंत. हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर "भावना पोचल्या, मुद्दा सांगा" म्हणाला असतात.

मग ग्रुप आला. माझी मुलगी हिंजवडीत नोकरीला लागली, तिनेच तो काढून दिला. चाळीस घरं, एका आठवड्यात सगळी आत. तुम्ही टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेली. फोन मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे, आणि तो लागला की पेढे घेऊन तुमच्या कचेरीत यायचे, हे तुम्ही सांगायचात. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांत जास्त आनंद होईल. तुम्ही ग्रुपात आलात, दोन दिवस वाचलंत आणि मला म्हणालात, "आम्ही तारा जोडल्या. त्यांवरून काय बोलायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं, हे खरं. पण एवढं सगळं एकदम बोलतील असंही वाटलं नव्हतं."

मी ग्रुपच्या बाजूने होतो आणि अजून आहे. मागे एका उन्हाळ्यात पाण्याची मोठी वाहिनी फुटली, तेव्हा ग्रुपवर फोटो पडल्यापासून दीड तासात टँकर आला होता. तुमचा फळा तोवर कोरडाच होता, कारण पेपर दुसऱ्या दिवशी येणार होता. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मान्य केलंत. नंतर लगेच म्हणालात, "टँकर आला. पण वाहिनी का फुटली ते कोणी विचारलं का?" कोणी विचारलं नव्हतं.

तुमचा आक्षेप एका वाक्यात मावायचा. पूर्वी एखादी गोष्ट कुठून कळली असं विचारलं की माणूस म्हणायचा, "वाचलं." आता म्हणतो, "आलं होतं." तुमचं म्हणणं, जे आपण वाचतो ते आपण निवडलेलं असतं, आणि जे येतं ते दुसऱ्या कोणीतरी निवडलेलं असतं. मी म्हणायचो, पेपर तरी कोण निवडतं? त्यावर तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर चार घेत होतो आणि फिरवत होतो." पण तोपर्यंत जिन्यातले तीन पेपर बंद झाले होते. उरलेला एक तुमचा, आणि तो फिरत नव्हता, कारण घ्यायला समोर कोणी नव्हतं.

एका आठवड्याचे ग्रुपवरचे संदेश मी वर्गवारी करून मोजले. चारशेच्या वर भरले. सुप्रभात, सण, देव आणि विनोद वगळले, देशाचं भवितव्य वगळलं. आपल्या प्रभागाबद्दलचे उरले नऊ. त्यातले चार खरे होते. आकडे घेऊन मी तुमच्याकडे आलो, कारण आकडे माझ्या विरुद्ध गेले म्हणून लपवायचे नसतात. तुम्ही खूश झालात. मग मी तुमच्याच पेपरचं पहिलं पान काढलं आणि विचारलं, यात आपल्या प्रभागाचं किती?

"शून्य," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर मागून वाचतो."

माझा दुसरा मुद्दा मात्र तुम्हाला अडचणीचा गेला. मी म्हटलं, "काका, तुमच्या वार्षिक सभा संध्याकाळी सातला. त्या वेळी गॅसवर कुकर असतो. इतक्या वर्षांत लिमये वहिनी एका सभेत बोलल्या का? ग्रुपवर रोज बोलतात. ड्रेनेजचं सगळ्यांत आधी त्यांनीच सांगितलं."

तुम्ही पेपरची घडी घातलीत. मग म्हणालात, "विचार करतो."

तुमचं 'विचार करतो' म्हणजे टाळणं नसायचं. तुम्ही खरंच विचार करायचात आणि आठवड्याने जिन्यात गाठून उत्तर द्यायचात. याचं उत्तर मात्र आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पान सातवर मैदानाची सूचना आली. सोसायटीच्या मागची मोकळी जागा, नकाशात खेळाचं मैदान म्हणून राखून ठेवलेली. ते आरक्षण बदलून तिथे बहुमजली वाहनतळ करण्याचा प्रस्ताव. ज्यांची हरकत असेल त्यांनी एक महिन्याच्या आत लेखी कळवावी. मुलं तिथे क्रिकेट खेळतात. काकूंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना चालायला आसपास तेवढी एकच सपाट जागा आहे. आमच्या घरातून मागे बघितलं की तिथली कडुनिंबाची रांग दिसते. वाहनतळ झाला तर दुसऱ्याच्या गाड्या दिसतील.

तुम्ही फळ्यावर लिहिलंत. फळा कितीजणांनी वाचला ते मी सांगू शकत नाही. लोक आता फाटकातून गाडीने आत येतात आणि गाडीतून फळा वाचता येत नाही. म्हणून मी सूचनेचा फोटो ग्रुपवर टाकला. तासाभरात गहजब. निषेध, लालबुंद चेहरे, 'हे खपवून घेणार नाही'. पहिल्या मजल्यावरच्या शेंड्यांनी संध्याकाळपर्यंत हरकतीचा मसुदा लिहून टाकला. चांगला होता, मुद्देसूद होता. त्याखाली चौतीस अंगठे पडले. चाळीस घरांतून चौतीस. एवढं एकमत आपल्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावरही झालं नव्हतं.

आणि सगळ्यांना वाटलं, हरकत गेली. शेंड्यांना वाटलं आपण लिहून दिली, आता सेक्रेटरी पाठवतील. सेक्रेटरींना वाटलं शेंड्यांनी पाठवूनच मसुदा टाकला असेल. बाकीच्यांना वाटलं, अंगठा दिला म्हणजे सही झाली. कोणी लबाडी केली नाही, आळसही नाही. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपलं काम झालं.

तुम्ही मला जिन्यात गाठलंत. "हिशेबनीस, अंगठा ठेवा खिशात आणि पेन काढा."

मी म्हटलं, ई-मेल करतो. तुम्ही म्हणालात, करा, पण कागदही द्या, शिक्का दिसतो. आपण दोघं महापालिकेत गेलो, दोघांनी वेगवेगळे अर्ज दिले आणि प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. परतताना पुलावर वाहतूक तुंबली होती आणि तुम्ही रिक्षावाल्याला सगळी कथा सांगितलीत. तो म्हणाला, "काका, पार्किंग झालं तर बरंच की, गाड्या लावायच्या कुठं?" तुम्ही त्याला म्हणालात, "मग तुम्हीही लेखी द्या. सूचनासुद्धा घेतात." थट्टेने नाही. त्याला पत्तासुद्धा सांगितलात.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर पेपरचं कात्रण आलं: 'मैदान वाचले, प्रस्ताव रद्द'. टाळ्या, फुलं, लाडू. शेंड्यांचं अभिनंदन. तुम्ही मोबाइल डोळ्यांपासून लांब धरलात, मग जवळ आणलात. "हिशेबनीस, इकडे बघा. कडेला जाहिरात अर्धी कापली गेलीय."

जाहिरात पेजरची होती.

"पेजर कोण विकतंय हो आता?" तुम्ही म्हणालात. मैदान दुसऱ्याच गावातलं होतं, बातमी तुमच्या नोकरीच्या काळातली. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'मैदान वाचलेले नाही. फिरत असलेले कात्रण पेजरच्या काळातील आहे.' मी ग्रुपवरही लिहिलं. त्यालासुद्धा काही अंगठे आले. मुदत संपली. आपल्या सोसायटीतून हरकती गेल्या दोन: एक तुमची, एक माझी.

मला वाटलं, आता तुम्ही जिंकल्यासारखं बोलाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "यातल्या किती जणांना सूचनेबद्दल माहीत नव्हतं?"

"सगळ्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"मग माहितीचा प्रश्न नव्हता म्हणायचा."

मलाही राहवलं नाही. मी विचारलं, "काका, खरं सांगा. ग्रुप नसता, नुसता तुमचा फळा असता, तर किती हरकती गेल्या असत्या?"

तुम्ही थोडा वेळ हिशेब केलात. "दोनच," म्हणालात.

या उत्तराबद्दल मी तुमचा ऋणी आहे. वादात समोरच्याला असं खरं उत्तर देणारी माणसं माझ्या ओळखीत फार नाहीत, आणि आता एक कमी झालं.

सुनावणीची सूचना तुमच्या तेराव्यानंतर आली. पाकिटावर तुमचं नाव, गुरुवारी हजर राहावे. काकूंनी ते माझ्या हातात दिलं. "यांना बोलावलंय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी जाते. तुम्ही बरोबर असालच."

मी ग्रुपवर लिहिलं: 'मैदानाची सुनावणी गुरुवारी अकराला. अंगठा नको. काकू आणि मी रिक्षाने जातोय, रिक्षात एक जागा आहे.' एकतीस अंगठे आले. गुरुवारी सकाळी फाटकाशी काकू उभ्या होत्या, आणि पर्स छातीशी धरून लिमये वहिनी. "कुकर लवकर लावला," म्हणाल्या. एवढंच.

सुनावणीच्या खोलीत पंख्याचा आवाज होता आणि खुर्च्या भरपूर रिकाम्या होत्या. अधिकारी सौम्य गृहस्थ होते. दुसरं नाव तुमचंच पुकारलं.

"नाहीत," मी म्हटलं.

"उशिरा येतायत का?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "उशीर त्यांना चालत नसे. वारले."

अधिकारी उठले आणि नमस्कार केला. कारकुनाने मान खाली घालून तुमच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायला घेतलं. काकूंच्या ते लक्षात आलं. "गैरहजर नका लिहू. ते कधी गैरहजर नव्हते."

"मॅडम, रकाने दोनच आहेत. हजर आणि गैरहजर."

"मग शेऱ्यात लिहा."

कारकुनाने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान हलवली. त्याने लिहिलं, 'हरकतदार दिवंगत. हरकत कायम.' मग मला तुमचा अर्ज वाचू दिला. तुमची वाक्यं छोटी, म्हणून वाचताना आवाज सांभाळता आला. त्यानंतर माझा वाचला. तुमचा जास्त चांगला होता.

मी बसलो तेव्हा लिमये वहिनी उठल्या. "मला पण बोलायचंय."

"तुमची लेखी हरकत आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. पण मी अंगठा दिला होता."

"कुठे?"

"मोबाइलवर."

अधिकारी हसले नाहीत. "ताई," म्हणाले, "तो इथपर्यंत येत नाही."

वहिनी खाली बसल्या. परतताना पूल ओलांडल्यावर रिक्षात वहिनींनी काकूंना विचारलं, "या सूचना कुठल्या पानावर येतात हो?"

"सात," काकू म्हणाल्या. "कधी आठ. पेपर येतो अजून आमच्याकडे. सकाळी घेऊन जा, मला आता दुपारी वाचला तरी चालतो."

निर्णय लागलेला नाही, काका. राखून ठेवला आहे. मैदान राहील की जाईल, मला माहीत नाही, आणि अंदाज करायला माझ्याकडे आकडे नाहीत. पण आम्हा तिघांचा कचेरीबाहेरचा फोटो वहिनींनी ग्रुपवर टाकला होता, त्यावरून संध्याकाळी शेंड्यांनी जाहीर केलं: 'मैदान वाचलं!' परत लाडू.

मी खाली गेलो. फळ्यावरची तुमची पाण्याची ओळ कालबाह्य झाली होती, ती पुसली. तुमच्या अक्षरातलं तेवढंच उरलं होतं. खडूचा हात वळायला वेळ लागला. लिहिलं, 'मैदानाबाबत निर्णय झालेला नाही. राखून ठेवला आहे.' कंसात लिहिलं, 'सुनावणीत स्वतः ऐकले.'

शुक्रवारी सकाळी वहिनी काकूंकडून पेपर घेऊन खाली उतरल्या, फळ्यापाशी थांबल्या, मोबाइल काढला, फळ्याचा फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'हे खरं आहे. मी तिथे होते.' पहिल्यांदाच आपला फळा चाळीसही घरांत गेला. अंगठे नेहमीप्रमाणे पडले, त्यांची मोजदाद देत नाही. पण शेंड्यांनी आपला संदेश काढून टाकला आणि दुपारी खाली लिहिलं, 'पुढची तारीख कळवा. दोन रिक्षा करू.'

आता हे तुमच्या बाजूने धरायचं की माझ्या, ते मला ठरवता येत नाही. फळ्याशिवाय हे झालं नसतं, आणि ग्रुपशिवायही नाही. तुम्ही असतात तर जिन्यात थांबून, कठड्यावर हात ठेवून, "विचार करतो" म्हणाला असतात.

करा. घाई नाही. फळा मी लिहितोय.